हातभर लांब

बाकीचे गायक माईक तोंडापाशी धरायचे, कणीस धरल्यावानी.
कुशावर्ताबाई हातभर लांब उभी राहायची.
मी म्हणायचो, बाई, जरा पुढं सरका.
ती म्हणायची, महेबूब, तुझे भोंगे फुटतील.
गंगाखेडला एक खरंच फुटला, दुसऱ्या कडव्यावर,
पडदा उभा चिरला.
पैसे तिनंच दिले, तीन कार्यक्रमांत फेडून.

माईक तपासताना ती कधी हॅलो म्हणाली नाही.
विचारायची, पाणी आलं का नळाला?
सगळं मैदान ओरडायचं, नाही!
मग ढोलकी.

आवाज कुठून आणला, पेपरवाले विचारायचे.
उत्तर दर वेळी वेगळं.
मला ठाऊक आहे ते असं:
बाप मुंजाजी एंगडे, पूर्णेच्या लोकोशेडात कोळसा ओढायचा.
ही डबा घेऊन जायची, सहा-सात वर्षांची.
इंजिनानं शिट्टी दिली की तिच्या सुरात सूर घालायची.
शिट्टी थांबायची,
ही थांबायची नाही.
एक ड्रायव्हर दोन आणे द्यायचा.
पहिली बिदागी रेल्वेनं दिली, म्हणायची,
पुढच्यांनी इतक्या वेळेवर नाही दिली.

नवरा ढोलकीला चांगला, घराला नाही.
जिंतूर, मानवत, वसमत, कळमनुरी,
टेम्पोत माझे चार भोंगे, त्यांच्यामधे बाई,
मांडीवर झोपलेलं लेकरू, गालात लवंग.
पहाटे तीनलाही लोक उठू द्यायचे नाहीत.
बिडीच्या कागदावर फर्माईश लिहून यायची.
बोरीला एका म्हाताऱ्याजवळ पैसे नव्हते,
त्यानं स्टेजवर कोंबडी सोडली.
ती दोन वर्षं अंडी देत होती, बाईच्या खाटेखाली.

नामांतराच्या साली
जळक्या ज्वारीचा वास अंगावर घेऊन माणसं
आमच्या शाळेत उतरली.
कुठल्या गावची, कुणी विचारलं नाही.
मी भोंगे घेऊन गेलो. तिनं मान हलवली.
भिंतीला टेकून, बसूनच गायली,
बाळंतिणीपाशी बोलावं तितक्या आवाजात.
तीस वर्षांत तेवढं एकदाच
तिला ऐकायला मला पुढं सरकावं लागलं.

मग कॅसेट निघाली.
आवाज हिचा, वरचा फोटो कुण्या गोऱ्या बाईचा.
बाराशे रुपये, एक साडी, विषय संपला.
परभणीच्या स्टँडवर दर हॉटेलात तीच वाजायची.
बाई तिथंच बसली, चहा प्याली, पैसे दिले,
पोराला म्हणाली, बारीक कर रे, डोकं दुखतंय.
त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही.
मी सांगणार होतो. तिनं माझ्या पायावर पाय दिला.

नंतर डीजे आले, भिंतीएवढे.
माझे भोंगे आणि तिच्या सुपाऱ्या
एकाच उन्हाळ्यात गंजल्या.
अंगणवाडीत खिचडी शिजवायची ती.
पोरं म्हणायची, आजी ओरडती लई गोड.

सरकारी सत्काराला निवेदकानं चिठ्ठी सरकवली: तीन मिनिटं.
तिनं चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली, कमरेला खोचली,
आणि चाळीस मिनिटं गायली.
साहेबांची गाडी बाहेर चालूच होती.
नारळ मात्र तिनं मलाच दिला,
म्हणाली, माझ्या दातांना झेपायचा नाही.

शोकसभेला भोंगे माझेच होते.
लेकीनं पैसे पुढं केले. मी ऐकलं नाही असं केलं,
या वयात ते जमतं.
दांडी उभी केली, वायर जोडली,
हातभर लांब उभा राहिलो.
हॅलो म्हणणार होतो.
तोंडातून निघालं,
पाणी आलं का नळाला?

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
मग मागून, बायकांतून, एक आवाज,
नाही आलं, भाई.

खरंच आलं नव्हतं.
अकरावा दिवस होता.